बाळूभिया गप्प बसायला शिकले

वर्गात आले त्या पहिल्याच दिवशी बाळकृष्ण टोकेकरांनी आम्हा सगळ्यांना एकेक पेन वाटलं. पेनावर ब्लडप्रेशरच्या एका गोळीचं नाव छापलेलं होतं. आम्ही बाकीचे बावीस-तेवीस वर्षांचे, आणि हे पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ: कडक इस्त्रीचा निळा शर्ट, चकचकीत बूट, पाणी लावून मागे वळवलेले केस. प्रत्येकाच्या बाकापाशी थांबायचे, किंचित वाकायचे आणि म्हणायचे, "नमस्कार, मी टोकेकर, लोकमान्य नगर. हे ठेवा भिया, एकदम मक्खन चालतं."

माझ्यापाशी आले तेव्हा सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "गुड मॉर्निंग, डॉक्टर!"

मी काही डॉक्टर नव्हते. डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेत दोनदा आपटून शेवटी बायोटेक केलेली मुलगी होते. पण मला डॉक्टर म्हणणारा हा जगातला पहिला माणूस, त्या आनंदात मी बॅग उचलून त्यांना शेजारची जागा करून दिली. पुढची दोन वर्षं ते तिथेच बसले.

विद्यापीठ इंदूरच्या बायपासच्या पलीकडे, नवंकोरं. अभ्यासक्रमाचं नाव 'जागतिक आरोग्य'. त्यात अर्धे विषय शरीराचे: जंतू, औषधं, साथी कशा पसरतात, आकडेवारी. अर्धे विषय माणसांचे: समाजशास्त्र, मानवशास्त्र, सरकारं आरोग्यावर पैसे कसे खर्च करतात, लोक दवाखान्यात का जातात आणि का जात नाहीत. कल्पना अशी की जंतू कळला आणि माणूस नाही कळला, तर आजार निम्माच कळला. हे आम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं आणि आम्ही माना डोलावल्या. घरी मात्र कुणाला समजावता येईना. माझ्या आईने नातेवाइकांना सरळ "तिचं मेडिकल लाइनमध्येच चाललंय" असं सांगून टाकलं होतं. बाळकृष्णरावांच्या शेजारी अप्पासाहेब म्हणून ऐंशीच्या घरातले गृहस्थ राहत. त्यांनी गेटवरूनच चौकशी केली होती, "ग्लोबल म्हणजे तू आता फॉरेनला जाणार की काय?"

"नाही अप्पासाहेब, इथेच बायपासला."

"मग ग्लोबल कशाला म्हणायचं? डॉक्टर तरी होशील ना?"

"तेही नाही."

"हद्द झाली," अप्पासाहेब म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

आठवड्याभरात वर्गात सगळे त्यांना बाळूभिया म्हणू लागले; भिया म्हणजे इंदुरी भाऊ. मीही भियाच म्हणायचे. त्यांच्या बायकोला मात्र मी उषाकाकू म्हणते. नवरा भिया आणि बायको काकू, हे नातं इंदुरात कुणाला खटकत नाही.

भियांचे आजोबा कापडगिरणीत कारकून म्हणून इंदुरात आले, वडील रेल्वेत लागले, आणि भिया बी.एस्सी. होऊन एमआर झाले, म्हणजे औषधकंपनीचे प्रतिनिधी. जवळजवळ सगळं आयुष्य त्यांनी तुकोगंजातले दवाखाने पालथे घातले. देवास, धार, खरगोनही सोडलं नाही. डॉक्टरांच्या केबिनमध्ये एमआरला मिळतात जेमतेम दोन मिनिटं. तेवढ्यात हसायचं, गोळीचे गुण सांगायचे, दुसऱ्या कंपनीचं नाव न घेता तिच्या गोळीचे दोष सांगायचे, सॅम्पल ठेवायचं आणि बाहेर पडायचं. मध्ये श्वास घेतलात तर डॉक्टर घंटी वाजवून पुढचा पेशंट बोलावतात. त्यामुळे श्वास न घेता बोलण्याची कला भियांनी कमावली होती. बोलायचे मात्र गोड. त्यांना "उठा" म्हणायचा धीर भल्याभल्या डॉक्टरांना होत नसे.

तुकोगंजातल्या एका वयस्क डॉक्टरांनी मात्र एकदा त्यांना मध्येच थांबवलं. "टोकेकर, गोळी तुमची उत्तम आहे. पण मी लिहून देतो आणि माझे निम्मे पेशंट ती घेतच नाहीत. याच्यावर काही औषध आहे का तुमच्याकडे?" भिया हसले आणि त्यांनी विषय बदलला. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना, असं ते आम्हाला सांगायचे.

मग कंपनीने त्यांची बदली रांचीला केली. मुलगी पूर्वा पुण्यात नोकरीला, घर इंदुरात, उषाकाकूंच्या गणिताच्या ट्यूशन्स इंदुरात. भियांनी राजीनामा दिला आणि घरी बसले. घरी बसले म्हणजे काय, तर त्यांनी काकूंचे मसाल्याचे डबे पुसून, नावं चिकटवून, उंचीप्रमाणे लावले. ट्यूशनला आलेल्या मुलांना दारातच गाठून आहारशास्त्र सांगितलं. महिनाभर काकूंनी सोसलं. एका सकाळी त्यांनी वर्तमानपत्रातली या अभ्यासक्रमाची जाहिरात कापून चहाच्या कपाखाली ठेवली.

"हे काय?" भियांनी विचारलं.

"कॉलेज. एक तर इथे जा, नाहीतर रांचीला जा," काकू म्हणाल्या.

असे ते आमच्या वर्गात आले.

औषधांच्या तासाला भिया खुलायचे. रासायनिक नावं, बाजारातली नावं, कुठल्या गोळीबरोबर कुठली चालत नाही, सगळं पाठ. आकडेवारीच्या तासाला मात्र त्यांचा चेहरा पडायचा. पहिल्या चाचणीत ते सपशेल नापास झाले. मग उषाकाकूंनी त्यांना ट्यूशनच्या सातवीच्या मुलांशेजारी सतरंजीवर बसवून सरासरीपासून सुरुवात केली. ती मुलं फार खूश होती. एकाने तर भियांना आपला खोडरबर वापरायला दिला.

समाजशास्त्राची भियांना अजिबात काळजी नव्हती. "ऋजुता, यात आहे काय? लोकांशी बोलायचंच ना? अरे, बोलण्यावर तर माझं घर चाललं आतापर्यंत."

दुसऱ्या सत्रात अरुंधती मॅडमनी आम्हाला प्रत्यक्ष काम दिलं. मॅडम मानवशास्त्र शिकवायच्या. उंच, बारीक, कायम घाईत असल्यासारख्या चालणाऱ्या. पण एकदा प्रश्न विचारला की उत्तराची वाट पाहत अगदी निवांत बसून राहायच्या. काम असं होतं: शहरात बऱ्याच जणांना ब्लडप्रेशरच्या गोळ्या मोफत मिळतात, तरी त्यांचं प्रेशर आटोक्यात येत नाही. का येत नाही, ते जाऊन समजून घ्या. दोघादोघांच्या जोड्या केल्या. मी आणि भिया एका जोडीत आलो, आणि आमच्या वाट्याला आलं सियागंज.

सियागंज म्हणजे किराण्याचा ठोक बाजार. हातगाड्या, पोती, छोटे टेम्पो, आणि मधूनच "साइड, साइड!" असं ओरडत पाठीवर ओझं घेऊन जाणारे हमाल. आमचं गोदाम मिरचीचं होतं. आत दहा-बारा बायका गोल करून बसायच्या आणि सुक्या लाल मिरच्यांची देठं खुडायच्या. तोंडाला ओढण्या बांधलेल्या. आम्ही पाऊल टाकलं आणि शिंकायलाच लागलो. बायका आमच्याकडे बघून हसल्या, एकीने सरकून जागा दिली.

आम्ही सगळ्यांचं प्रेशर मोजलं. सगळ्यात जास्त निघालं द्वारकाबाईंचं, आणि तेही चिंता वाटण्याइतकं. बाई पन्नाशीच्या, ठेंगण्या, मूळच्या बऱ्हाणपूरकडच्या. त्यामुळे मराठी यायची, पण हिंदीत घोळलेली. गोळ्या त्यांना जवळच्या दवाखान्यातून दर महिन्याला मिळत होत्या.

"गोळी रोज घेता ना?" भियांनी विचारलं.

"घेते ना. घेते," द्वारकाबाई म्हणाल्या.

एवढं पुरे झालं. भियांनी खुर्ची पुढे ओढली आणि सुरू झाले. प्रेशर म्हणजे काय, हृदयावर काय होतं, किडनीवर काय होतं, सेव का कमी खावी, पोह्यांवर सेव, भाजीत सेव, वरून परत सेव, इंदुरी माणसाचं कसं व्हायचं, गोळी सकाळी का घ्यावी. द्वारकाबाई मान हलवत मिरच्या खुडत राहिल्या. मी रेकॉर्डर धरून बसले होते. बाहेर पडल्यावर भिया घाम पुसत म्हणाले, "क्या बात है! काय रंगला इंटरव्ह्यू!"

पुढच्या तासाला मॅडमनी विचारलं, कुणाची मुलाखत सगळ्यांनी मिळून ऐकू या? भियांनीच हात वर केला.

आम्ही ऐकली. सुरुवातीला ऐकू आलं "घेते ना, घेते." मग भिया. मग आणखी भिया. मध्ये द्वारकाबाईंचा एखादा खोकला, बाहेरून "साइड, साइड", पुन्हा भिया. रेकॉर्डिंग संपलं.

"टोकेकरजी, या मुलाखतीतून आपल्याला द्वारकाबाईंबद्दल काय कळलं?" मॅडमनी अगदी सरळपणे विचारलं.

भिया वहीची पानं उलटू लागले. मागच्या बाकावरून सार्थक म्हणाला, "मॅडम, त्यांना खोकला आहे."

सगळा वर्ग खो खो हसला. सगळ्यात मोठ्याने भियाच हसले. पण हसता हसता त्यांचे कान लाल झालेले मला दिसले. तास संपल्यावर ते कँटीनला न येता सरळ मॅडमच्या खोलीकडे गेले. मीही मागोमाग गेले.

"मॅडम, मला बोलणं येतं. थांबणं येत नाही. ते कसं शिकायचं?"

"प्रश्न विचारा आणि मग तोंडात काहीतरी ठेवा," मॅडम म्हणाल्या. त्या बहुधा गमतीत म्हणाल्या असतील, पण भियांनी ते शब्दशः घेतलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या खिशात सुकवलेल्या आवळ्याच्या फोडींची डबी आली. प्रश्न विचारायचा, फोड तोंडात टाकायची, आणि ती चघळून संपेपर्यंत ओठ उघडायचे नाहीत.

सराव घरापासून सुरू झाला. तो किस्सा मला उषाकाकूंनीच सांगितला. संध्याकाळी भियांनी विचारलं, "आज दिवस कसा गेला तुझा?" आणि आवळा तोंडात टाकून बसून राहिले. काकू "बरा" म्हणाल्या आणि पुढच्या भाषणाची वाट पाहू लागल्या. भाषण येईना. भिया नुसते त्यांच्याकडे बघत होते. काकू घाबरल्या. कपाटातून प्रेशरचं मशीन काढून आणलं, त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला. प्रेशर उत्तम होतं.

"मग बोलत का नाही तुम्ही?"

भियांनी खुणेनेच सांगितलं, तू बोल.

काकू सांगतात, पहिले दोन-तीन दिवस त्यांना काय बोलायचं तेच सुचेना. मग एके दिवशी भाजी निवडता निवडता त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मला गाडी शिकायचीय. कधीपासून शिकायचीय. तुम्ही टूरवर असायचात तेव्हा वाटायचं, आपण उठावं आणि एकटीने राजवाड्यापर्यंत जाऊन यावं." भियांच्या तोंडात आवळा होता. तो त्यांनी घाईघाईने गिळला आणि विचारलं, "हे कधी बोलली नाहीस?"

"कधी बोलू? मध्ये जागा तर पाहिजे," काकू म्हणाल्या.

पुढच्या रविवारी सकाळी लालबागेजवळच्या मोकळ्या रस्त्यावर काकू स्कूटर चालवत होत्या आणि भिया मागून धावत होते. ते दृश्य मी डोळ्यांनी पाहिलं आहे. काकूंनी एका कुल्फीच्या गाड्याला हलकासा धक्का दिला, कुल्फीवाल्याची माफी मागितली, आणि त्याच्याकडून तीन कुल्फ्या विकत घेतल्या.

त्यानंतर आम्ही सियागंजला पुन्हा गेलो, पण या वेळी जेवणाच्या सुट्टीत. खुर्ची न घेता भिया जमिनीवर बसले. बायकांनी डबे उघडले होते. कुणी आम्हाला ज्वारीची भाकरी दिली, कुणी लसणाची चटणी. जेवण झाल्यावर भिया म्हणाले, "द्वारकाबाई, मागच्या वेळी मीच बडबड केली. आज तुम्ही सांगा. गोळी घेतली की तुमचा दिवस कसा जातो?"

आणि आवळा तोंडात टाकला.

द्वारकाबाई म्हणाल्या, ठीक जातो. मग म्हणाल्या, गर्मी फार आहे यंदा. मग नातवाच्या शाळेबद्दल काहीतरी सांगितलं. भिया ऐकत होते. मला बोलायची फार इच्छा झाली होती, पण भियांनी माझ्यापुढेही डबी केली. मीही एक फोड तोंडात टाकली. आम्ही दोघं गाल फुगवून बसलेले पाहून शेजारच्या सरलाला हसू आवरेना. ती त्यांच्यात सगळ्यात तरुण होती. तिने द्वारकाबाईंना कोपराने ढोसलं. "बता दे ना. सांगून टाक."

"काय सांगू आता," द्वारकाबाई म्हणाल्या आणि ओढणी सारखी केली. "गोळी मी फक्त इतवारी घेते. छुट्टी असते ना, म्हणून."

भियांनी मान हलवली. 

"ती गोळी खाल्ली की बार बार जावं लागतं. इथे बाथरूमला ताला आहे. चाबी मुनीमजींच्या गल्ल्याच्या दराजमध्ये. मागायला गेलं की ते म्हणतात, 'अभी तो गई थी!' जोरात म्हणतात. समोर हमाल असतात, ग्राहक असतात. लाज वाटते. म्हणून आम्ही सगळ्या जेवणाच्या टाइमाला एकदाच जातो, आणि पाणी पण कमीच पितो."

बोलायला सुरुवात झाल्यावर मग सगळ्याच बोलू लागल्या. एकमेकींची नक्कल करून, हसून हसून. मुनीमजींचं "अभी तो गई थी" सरलाने असं हुबेहूब म्हणून दाखवलं की भियांना ठसका लागला.

बाहेर आल्यावर भिया गल्लीच्या तोंडाशी थांबले. मला वाटलं, आता सुटणार. पण ते हळू बोलले. "ऋजुता, ही आमचीच गोळी आहे. एकात दोन औषधं. त्यातलं एक अंगातलं जादा मीठ-पाणी लघवीवाटे बाहेर काढतं. मी केबिनमध्ये म्हणायचो, 'सर, एक गोली, डबल काम.' ते पाणी बाहेर पडणार कुठे, हे डोक्यातच आलं नाही कधी."

"डॉक्टरांच्या पण नाही आलं," मी म्हणाले.

"त्यांना सांगायला कुणी आलंच नव्हतं ना," ते म्हणाले.

मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी एकच अट घातली: त्या बायकांना विचारल्याशिवाय पुढे काही करायचं नाही. आम्ही परत जाऊन विचारलं. द्वारकाबाई म्हणाल्या, डॉक्टरला बेशक सांगा. शेठजींनाही सांगा, पण कुणा एकीचं नाव नको. तसं ठरलं.

डॉक्टरांचं काम सोपं झालं. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी द्वारकाबाईंना बोलावलं, शांतपणे सगळं विचारलं आणि गोळी बदलून दिली. नवीन गोळीने सारखं जावं लागत नव्हतं. पण पाणी न पिण्याचा प्रश्न होताच, आणि त्याचं औषध दवाखान्यात नव्हतं.

गोदामाचे मालक पियुषजी पस्तिशीतले, हसतमुख, एका कानाला कायम फोन. गादीवर बसलेले. शेजारी मुनीमजी, हरी त्यांचं नाव, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. भियांनी नमस्कार केला. मी मनात म्हटलं, आता मात्र जुने टोकेकर हवेत: दोन मिनिटांत शेठ खिशात. भियांनी तोंड उघडलंही. "पियुषजी, आपल्याकडे काम करणाऱ्या महिलांचं आरोग्य म्हणजे..." आणि ते मध्येच थांबले. मग म्हणाले, "मला एक साधी गोष्ट विचारायची आहे. आपल्या बाथरूमची किल्ली दराजमध्ये का असते?"

पियुषजींनी कानावरचा फोन खाली घेतला. "किल्ली? किल्ली दराजमध्ये असते?" ते मुनीमजींकडे वळले. "क्यों असते?"

"बडे सेठजींनी सांगितलं होतं," हरीजी म्हणाले.

"पप्पांनी? का?"

हरीजी जरा घुटमळले. "नल चोरी हो गया था."

"कधी?"

"आपण शाळेत होतात तेव्हा."

पियुषजी हसायला लागले. हसता हसता गादीवरून घसरायचेच बाकी होते. हरीजीही हसले, पण त्यांना वाईटही वाटलं असावं, चष्मा काढून पुसत म्हणाले, "मैंने तो नियम पाळला, शेठजी. कुणी बोललंच नाही की अडचण होते."

"नल आता कितीचा येतो, हरीजी?" पियुषजींनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता म्हणाले, "गेला तर जाऊ दे. दुसरा लावू."

त्याच दिवशी एक किल्ली जास्तीची करून घेतली गेली. ती बायका बसतात तिथल्या खांबाला एका खिळ्यावर टांगली, आणि सरलाने तिला लाल फीत बांधली. हरीजींनी स्वतः पिण्याच्या पाण्याचा नवा माठ आणून ठेवला. तो कुणी सांगितला नव्हता.

सगळंच काही सुतासारखं सरळ झालं नाही. द्वारकाबाईंचं प्रेशर हळूहळू उतरलं, दोघी-तिघींचं उतरलं, पण सरलाचं उतरेना. पुन्हा आवळा, पुन्हा थांबणं. तिचं कारण वेगळंच निघालं: गोळी एकदा सुरू केली की जन्मभर सुटत नाही, आणि इतक्या लहान वयात ती बेडी कशाला, असं तिच्या सासूने सांगितलं होतं. मग सासूबाईंशी बोलायला काकूंची स्कूटर उपयोगी पडली. उषाकाकू आणि मी दोघी त्यांच्या घरी जाऊन आलो. सासूबाईंचं स्वतःचं प्रेशर निघालं सुनेपेक्षा जास्त. आता दोघी बरोबरच गोळी घेतात.

वर्षाच्या शेवटी आम्हाला आमचं काम सर्वांपुढे मांडायचं होतं. बाहेरगावाहून एक परीक्षक आले होते. कपाळाला आठ्या, हातात पेन. आकडे मी मांडले, गोष्ट भियांनी सांगितली. परीक्षकांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मि. टोकेकर, काम छान आहे. पण हे सियागंजातलं एक गोदाम. तुमचा विषय जागतिक आरोग्य. यात जागतिक काय आहे?"

अरुंधती मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

भियांनी खिशातली डबी चाचपली. मग म्हणाले, "सर, ही गोळी मी विकायचो. आमची कंपनी ती कितीतरी देशांत पाठवते. मी काही ते देश बघितले नाहीत. पण तिथेही बायका कामाला जात असतील, आणि तिथेही कुणीतरी डॉक्टर म्हणत असेल की पेशंट गोळी का घेत नाहीत कळत नाही. त्यांच्या बाथरूमची किल्ली कुणाकडे असते, मला माहीत नाही. तिथे जाऊन विचारावं लागेल."

परीक्षकांनी काही लिहिलं आणि म्हणाले, "बसा." निकाल लागला तेव्हा त्या कामात आमच्या जोडीला वर्गात सर्वांत जास्त गुण होते. आकडेवारीत भिया काठावर पास झाले. त्या दिवशी सातवीच्या मुलांनी उषाकाकूंच्या अंगणात त्यांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला, आणि अप्पासाहेबांनी गेटवर येऊन हात मिळवला. "डॉक्टर नाही झालास, पण पास झालास," ते म्हणाले.

अभ्यासक्रम संपून आता वर्ष होत आलं. भिया सध्या अलीराजपूरला असतात. तिकडच्या आदिवासी गावांत सिकलसेलचा आजार आहे, रक्ताचा, आईबापांकडून मुलांत येणारा. एक छोटी संस्था तिथे रक्ततपासणी करते, आणि तपासणीनंतर घरोघरी बसून बोलण्याचं काम भियांचं. लग्न ठरलेल्या मुलामुलींना कसं सांगायचं, कुणापुढे सांगायचं, आईला आधी सांगायचं की मुलीला, हे सगळं नाजूक. ते तिथली भिलाली बोली शिकताहेत. मला व्हॉइस मेसेज पाठवून नवे शब्द म्हणून दाखवतात, आणि मागून कुणीतरी त्यांचा उच्चार सुधारत असतं. एका मेसेजमध्ये ते म्हणाले, "ऋजुता, आज एका आजीने मला तिच्या अंगणात दुपारभर बसवलं. आजाराचं काहीच बोलली नाही. तिच्या कोंबड्यांबद्दल बोलली. उद्या परत बोलावलंय. मला वाटतं, उद्या बोलेल."

उषाकाकू मागच्या महिन्यात तिकडेच राहायला गेल्या. इथल्या ट्यूशन्स त्यांनी एका ओळखीच्या मुलीकडे सोपवल्या, आणि तिथे मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी गणित शिकवायला सुरुवात केली आहे. मुली हुशार आहेत, म्हणतात, फक्त भागाकाराला घाबरतात.

मलाही माझ्या संशोधनासाठी गाव निवडायचं होतं. मी तिकडचंच निवडलं. पुढच्या सोमवारी सकाळच्या बसने निघणार आहे. काल काकूंचा फोन आला होता. सामानाची यादी सांगितली: इंदूरची लसणाची सेव, खडूंचे दोन डबे, आणि वसतिगृहातल्या मुलींसाठी एक कॅरम. कॅरम बसमध्ये कसा न्यायचा ते मी विचारलं.

"टपावर बांध," काकू म्हणाल्या, "आणि कंडक्टरला सांग, सोंगट्या मोजून घेतल्या आहेत, उतरताना परत मोजू."